आठवी पायरी

"बाई, इथंच थांबा," डोमाजी निनावे म्हणाले आणि त्यांनी हातातली काडतुसाची रिकामी पुंगळी खिडकीच्या उजेडाकडे धरली. "हे पाहा. टोपी कशी बसली आहे ते पाहा."

मी पाहिलं. पुंगळीच्या बुडाशी जी टोपी असते, जिच्यावर बंदुकीचा खिळा आदळतो, तिच्या कडा एरवी गोलसर राहतात. ही टोपी इस्त्री फिरवल्यासारखी सपाट झाली होती.

"आणि बोल्ट?" मी विचारलं. बोल्ट म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा.

"तळहातानं ठोकून उघडा लागला. पाचही वेळा." त्यांनी पुंगळी माझ्या तळव्यावर ठेवली. "सातवी पायरी बरी होती. आठवीले हे बोलून राहिलं. बोलून राहिलं त ऐका लागते."

ही जानेवारीतली गोष्ट, सत्त्याऐंशी सालची. आमचा कारखाना काडतुसांचा, सरकारी, वैनगंगेपासून दोन कोसांवर सागाच्या जंगलात वसवलेला. तयार काडतुसं उडवून तपासायचा जो विभाग असतो त्यात मी नोकरीला लागून चौदा महिने झाले होते. यशोधरा गजभिये, भौतिकशास्त्रातली पदवी, दोन वर्षांचं प्रोबेशन. त्या विभागात माझ्याआधी बाई नव्हती. निनावे मामा तिथं चौतीस वर्षं होते. त्यांचे वडील हातमागावर बसायचे. मामा सांगायचे की धागा कुठं तुटायला आला आहे ते वडिलांना बोटांनी कळायचं, आणि तसंच काहीतरी मामांच्या बोटांत उतरलं होतं. ते चिमटीनं तराजूत बंदुकीची दारू टाकायचे आणि काटा मधोमध थांबायचा. दुसऱ्यांदा टाकताना मी त्यांना क्वचित पाहिलं.

त्या हिवाळ्यात आमच्याकडं एक नवं काम आलं होतं. जुन्या मोठ्या काडतुसाची पुंगळी घ्यायची, साच्यात दाबून तिचा गळा अरुंद करायचा आणि त्यात एक बारीक, हलकी गोळी बसवायची. पोट मोठं, तोंड लहान. दारू भरपूर मावते, ढकलायला ओझं थोडं, त्यामुळं गोळी अफाट वेगानं सुटते. असं काडतूस कुठल्या तक्त्यात नव्हतं. किती दारू घालायची ते आम्हीच शोधायचं होतं. आम्ही थोड्या दारूपासून सुरुवात केली आणि एकेक पायरी चढत गेलो. प्रत्येक पायरीला मामा पाच काडतुसं हातानं भरायचे. भिंतीत पक्क्या बसवलेल्या नळीतून ती उडवायची, भिंतीच्या अलीकडून दोरी ओढून. यंत्र वेग सांगायचं. दाब मात्र तांबं सांगायचं. नळीला एक भोक होतं आणि त्यावर पेन्सिलीच्या तुकड्याएवढा तांब्याचा ठोकळा बसवलेला असायचा. बार उडाला की दाबानं तो चेपायचा. किती चेपला ते मोजलं की तक्त्यात दाब मिळायचा.

वर ठरवून दिलेला वेग होता सेकंदाला हजार मीटर. सातव्या पायरीला आम्हाला नऊशे पंच्याऐंशी मिळाले. आठवीला एक हजार चार. दाब मर्यादेच्या आत होता, पण अगदी काठावर. आणि त्या दिवशी सकाळी खोलीतला पारा तेरा अंशांवर होता.

"उन्हाळ्यात हे काय करन?" मामांनी विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. दारू तापली की जास्त झपाट्यानं जळते आणि दाब चढतो. नियम असा होता की काडतुसं गरम कपाटात पन्नास अंशांवर तापवून उडवायची, मगच ती पायरी पक्की करायची. पण आमच्या गरम कपाटाचं कॉइल नोव्हेंबरात जळालं होतं आणि नवं यायचं होतं.

मी अहवाल लिहिला आणि रांगणेकर साहेबांकडं नेला. रांगणेकर म्हणजे आमचे विभागप्रमुख. ते आरडाओरडा करणारे नव्हते. माणूस हुशार, बोलणं मऊ, टेबलावर मुलीचा फोटो. त्यांनी अहवाल दोनदा वाचला, मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि दोन-तीन दुरुस्त्या सुचवल्या. मी स्वच्छ प्रत करून दिली. आठवी पायरी मंजूर झाली.

मे महिन्यात प्रात्यक्षिक ठरलं. वरून पाहुणे येणार होते आणि नव्या काडतुसासाठी हातानं घडवलेली नवी रायफल येणार होती. नेम धरायला एका पलटणीतले हवालदार बाळकृष्ण धुमाळ आले होते, साताऱ्याकडचे, सैन्यातले नावाजलेले नेमबाज. आदल्या दिवशी ते आमच्या खोलीत आले, मामांच्या समोर स्टुलावर बसले आणि ते काडतुसं कशी भरतात ते बघत राहिले.

"काका, हात लई हलका हाय तुमचा," ते म्हणाले.

"तुमचाबी असनच," मामा म्हणाले. "नाई त इथं कशाले बोलावतीन?"

धुमाळांनी एक तयार काडतूस उचलून पाहिलं. "पोरगी दिसतीया बारीक, पर पोट पुढाऱ्याचं," ते म्हणाले, आणि मामा हसले. मामांना असं हसताना मी फारदा पाहिलं नव्हतं.

मामांनी वीस काडतुसं भरली, सगळी आठव्या पायरीची.

पाहुणे दहाला यायचे होते, ते साडेअकराला आले. त्यांच्यासाठी मांडव होता, पंखे होते. जिथून बार करायचा ती जागा उन्हात होती. तिथं एक टेबल आणि टेबलावर पोलादी पेटी, तिच्यात ती वीस काडतुसं. बार सुरू झाले की मला वेग मोजायच्या यंत्रापाशी, चाळीस पावलांवर थांबायचं होतं, पण तोवर मी टेबलापाशीच होते. मामा पेटी उचलून टेबलाखाली सावलीत ठेवायला लागले तेव्हा रांगणेकर साहेब म्हणाले, "निनावे, असू द्या वरच. पाहुण्यांना दिसली पाहिजे." मामांनी ओलं गोणपाट टाकू का, असं विचारलं. साहेबांनी मानेनंच नाही म्हटलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं, डोळ्यांनी पाहिलं. पुढं ते महत्त्वाचं ठरायला हवं होतं.

पहिले तीन बार झाले. माझ्या यंत्रावर एक हजार बेचाळीस, एक हजार एकोणपन्नास, एक हजार सत्तावन्न असे आकडे आले. मी ते कागदावर लिहिले. वेग वाढतोय याचा अर्थ दाब वाढतोय. मी साहेबांकडं पाहून हात वर केला. मांडवात टाळ्या वाजत होत्या आणि त्यांनी माझ्या हाताचा अर्थ वेगळा घेतला, किंवा वेगळा घ्यायचा ठरवला.

चौथ्या बारानंतर धुमाळ मान वळवून साहेबांना काहीतरी म्हणाले. साहेब वाकले, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि सरळ झाले. पाचवा बार. सहावा. मी यंत्र सोडून त्यांच्याकडं चालू लागले.

सातव्याचा आवाज वेगळा होता, पत्र्यावर घण पडावा तसा. पुंगळीचं बूड फाटून तापलेला वायू आणि पितळेचे कपटे बोल्टच्या फटीतून मागं आले होते. धुमाळ ओरडले नाहीत. त्यांनी रायफल नीट खाली ठेवली, नळी समोरच्या बाजूला करून, आणि मग दोन्ही हात तोंडावर घेतले. सगळ्यात आधी मामा पोचले. गोणपाटासाठी आणलेल्या बादलीत त्यांनी आपला दुपट्टा बुडवला आणि धुमाळांच्या चेहऱ्यावर धरला. दुपट्टा लगेच लाल झाला.

उजवा डोळा गेला.

चौकशी समिती आठ दिवसांत बसली. तिघं जण होते. अध्यक्ष सबनीस म्हणून पुण्याहून आलेले वयस्क अधिकारी. आणि त्या टेबलाच्या टोकाला, समितीला माहिती पुरवण्यासाठी म्हणून, रांगणेकर साहेब. ज्यांनी आठवी पायरी मंजूर केली तेच चौकशीला कागद काढून देत होते आणि याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

पहिल्या दिवशी मामांना बोलावलं. मी दाराशी बाकावर बसले होते आणि दार उघडंच होतं.

"वय?"

"सत्तावन्न."

"चष्मा केव्हापासून?"

"बारा-तेरा वर्षं झाले."

"वीस काडतुसं एकाच दिवशी भरलीत. मध्ये कोणी बोलायला आलं होतं?"

"धुमाळ साहेब बसले होते."

"म्हणजे गप्पा चालू होत्या," दुसरे एक सदस्य म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

मामांनी खिशातून एक रिकामी पुंगळी आणि दारूची लहान डबी काढली. "साहेब, आठव्या पायरीले दारू पुंगळीच्या गळ्याले लागते. म्या जास्त टाकली असं तुमी म्हणता. जास्त टाकाले जागा कुठी आहे?" त्यांनी तिथल्या तिथं पुंगळी भरून दाखवली. वर चिमूटभर टाकली तर ती सांडून टेबलावर आली. "आता गोळी बसवून दाखवा."

कोणी बसवून दाखवली नाही. रांगणेकर मऊ आवाजात म्हणाले, "सर, तरी थोडाफार फरक नाकारता येत नाही. मानवी चूक आहे. निनाव्यांची सेवा चांगली आहे, आपण ते लक्षात घेऊच."

मामा बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले. त्यांचे हात मांडीवर होते आणि बोटांना दारूचा करडा रंग लागला होता.

"सकाळी रांगणेकर साहेब म्हणून राहिले होते, चूक झाली असं लिहून द्या," ते म्हणाले. "नजरचूक. मंग फक्त ताकीद देतीन. चार महिन्यांनी मी रिटायर होतो, तेबी अडणार नाई."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काई नाई." त्यांनी बोटं दुपट्ट्याला पुसली. "बाई, माहं जाऊ द्या. पण निनाव्याचा हात चुकला असं लिहिलं, त मंग पायरी बरोबरच आहे असं होते ना? आठवी पायरी कागदावर तशीच राहीन. उद्या दुसऱ्या कारखान्यात कोनी तेच पाहून भरन. आणि मंग उन्हाळ्यात कोनी चाप ओढन."

मी हा विचार केला नव्हता. मी आठ दिवस मामांच्या अब्रूचा विचार करत होते. त्यांच्या डोक्यात मात्र कोणा अनोळखी माणसाचा डोळा होता.

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. मी सांगितलं की आठवी पायरी थंडीत काठावर होती, गरम चाचणी झालेली नव्हती, प्रात्यक्षिकाच्या दिवशी पेटी दीड तास उन्हात होती आणि मामांनी ती सावलीत ठेवू का म्हणून विचारलं होतं.

"हे जानेवारीच्या अहवालात आहे?" सबनीसांनी विचारलं. त्यांनी अहवाल उघडून माझ्यापुढं सरकवला. "म्हणजे काठावर असल्याचं, गरम चाचणी न झाल्याचं. मला तरी दिसत नाही. ही सही तुमची ना?"

सही माझी होती.

इथं मला जे सांगायचं आहे ते मी मघाशी टाळलं. त्या जानेवारीत साहेबांनी ज्या दोन-तीन दुरुस्त्या सुचवल्या होत्या त्यातली एक शुद्धलेखनाची होती. दुसरी अशी होती की, 'टोप्या सपाट झाल्या आहेत, बोल्ट जड येतो, गरम चाचणी होईपर्यंत सातव्या पायरीच्या पुढं जाऊ नये' हा परिच्छेद काढून टाकावा. साहेब म्हणाले होते, "मिस गजभिये, असं बघा, कपाट दुरुस्त झालं की चाचणी करणारच आहोत. आत्ताच हे लिहून आपणच आपल्या कामावर शंका कशाला घ्यायची? तुमचं प्रोबेशन नोव्हेंबरात संपतंय ना? तुमच्या बॅचमधून वर शिफारस करायला माझ्या मनात एकच नाव आहे." मी चहा संपवला, माझ्या टेबलावर आले आणि तो परिच्छेद सोडून बाकीचं पुन्हा लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं. जुना कागद साहेबांनी टोपलीत टाकला. कपाट मेपर्यंत दुरुस्त झालं नाही आणि त्याबद्दल मी एकदाही विचारलं नाही.

"मी लिहिलं होतं," मी सबनीसांना म्हणाले. "नंतर मीच ते काढलं."

"का?"

"रांगणेकर साहेबांनी सांगितलं म्हणून."

रांगणेकरांचा चेहरा जराही बदलला नाही. "सर, त्या फार ताणाखाली आहेत. अपघात त्यांनी समोर पाहिला आहे."

"मिस गजभिये," सबनीस म्हणाले, "तुमची सही असलेला अहवाल अपुरा आहे, असं तुम्ही समितीला सांगताय. याचा परिणाम तुमच्यावर होतो. हे लेखी द्याल?"

"देते."

मी तिथंच बसून लिहून दिलं. माझ्यासमोर रांगणेकर पेल्यावरचं झाकण काढून पाणी पीत होते.

सबनीसांना माझा कागद आवडला नाही, पण त्यांनी एक गोष्ट केली, तेवढं त्यांच्या बाजूनं सांगते. वीसपैकी सात काडतुसं उडाली होती आणि उरलेली तेरा लाखेचं सील लावून ठेवली होती. त्यांनी ते सील तोडायला लावलं आणि तीन काडतुसं उघडून आतली दारू तोलायला सांगितली. तिन्ही वजनं बरोबर आठव्या पायरीची निघाली, केसाचाही फरक नाही.

"तीन बरोबर निघाली म्हणून ते सातवं बरोबर होतं असं होत नाही," रांगणेकर म्हणाले.

"उरलेली उन्हात ठेवून उडवून बघा," मी म्हणाले. "भिंतीतल्या नळीतून. कोणाला धोका नाही."

"गरम कपाट नाही," ते म्हणाले. "उन्हात ठेवून केलेली चाचणी नियमात बसत नाही."

"प्रात्यक्षिक उन्हातच होतं, ते नियमात बसत होतं?"

सबनीसांनी घड्याळ पाहिलं. "जेवून घेऊ. मग ठरवू."

ते तिघं आणि साहेब जेवायला विश्रामगृहावर गेले. दहा काडतुसं टेबलावर ट्रेमध्ये तशीच राहिली. पहारेकरी दाराबाहेर होता, मला रोज आत-बाहेर करताना बघणारा. मी त्यातली पाच उचलली, समोर पडलेल्या नोंदवहीत 'पाच घेतली, य. गजभिये' असं लिहून वेळ टाकली आणि ट्रेमध्ये खूण म्हणून माझा ओळखपत्राचा बिल्ला ठेवला. मला चोरी करायची नव्हती.

मामा त्यांच्या खोलीत डबा उघडून बसले होते. मी काडतुसं दाखवली.

"परवानगी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी डबा बंद केला. "मंग दरवाजा लावून घेतो," ते म्हणाले.

तीच पोलादी पेटी आम्ही मागच्या अंगणात ठेवली. पेटीत काडतुसांबरोबर एक थर्मामीटर टाकला. सव्वा तास आम्ही भिंतीच्या बोटभर सावलीत उभे राहिलो. पेटी उघडली तेव्हा पारा एकसष्टवर होता. मामांनी काडतूस चिमट्यानं उचललं, हाताला सोसवेना. त्यांनी पहिलं तांबं बसवलं, मी दोरी ओढली.

पाच बार आम्ही ओळीनं केले. एक पुंगळी नळीत इतकी घट्ट बसली की मामांना ती लाकडी दांडक्यानं ठोकून काढावी लागली. पाचव्याचं बूड फाटलं होतं, जसं धुमाळांच्या वेळी फाटलं होतं. तांबी मोजली तेव्हा पहिली दोन मर्यादेच्या कितीतरी पलीकडं गेलेली होती. बाकीच्या तिन्हींचं माप तक्त्यात सापडेना. तक्ता संपला होता.

मी ती पाच तांबी चहाच्या बशीत ठेवली, शेजारी पाच पुंगळ्या आणि थर्मामीटर, आणि बशी घेऊन समितीच्या खोलीत गेले. ते जेवून आले होते. बडीशेपेचा वास येत होता. मी बशी सबनीसांच्या समोर ठेवली आणि आकड्यांचा कागद तिच्याशेजारी.

"हे तुम्ही परवानगीशिवाय केलंत," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी फाटलेली पुंगळी उचलून खिडकीकडं धरली आणि मग रांगणेकरांकडं दिली. रांगणेकरांनी ती न पाहताच खाली ठेवली.

"मिस गजभिये, तुम्ही जाऊ शकता," सबनीस म्हणाले.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. मी तो कारकुनाच्या टेबलाशी उभी राहून वाचला. आठवी पायरी रद्द करण्यात येत होती. सातव्या पायरीच्या पुढं कोणीही जाऊ नये आणि गरम चाचणीशिवाय कुठलीही पायरी मंजूर होऊ नये, असं स्पष्ट लिहिलं होतं. तेवढं वाचून मी श्वास सोडला. पुढं अपघाताचं कारण होतं. 'काडतुसांची पेटी दीर्घकाळ उन्हात ठेवण्याचा कामगाराचा हलगर्जीपणा.' कामगार म्हणजे डोमाजी निनावे, ताकीद. अनधिकृत चाचणी आणि अपुरा अहवाल यासाठी यशोधरा गजभिये, प्रोबेशन एक वर्षानं वाढवून दूरच्या एका भांडारात बदली. रांगणेकरांबद्दल एवढंच होतं की त्यांनी समितीला बहुमोल सहकार्य केलं. तीन महिन्यांनी त्यांना बढती मिळाली.

ज्यानं पेटी सावलीत ठेवू का म्हणून विचारलं त्याला पेटी उन्हात ठेवल्याबद्दल ताकीद. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. कारकून म्हणाला, "मॅडम, प्रत पाहिजे का?" मी हो म्हटलं. ती प्रत आजही माझ्याकडं आहे, आणि आजही ते वाक्य वाचलं की माझे कान तापतात. तेव्हा मी तो कागद घेऊन मामांकडं गेले. अपील करू, वर लिहू, वर्तमानपत्राकडं जाऊ, असं बरंच काही बोलत सुटले.

"पायरी खोडली?" मामांनी विचारलं.

"खोडली. पण तुमचं नाव..."

"खोडली ना? मंग झालं." त्यांनी कागद घडी करून मला परत दिला. "मले दवाखान्यात जायचं आहे. त्या धुमाळले कोनी सांगितलं असन की निनाव्यानं तुया डोळा घालवला. तुमी येता?"

लष्करी दवाखाना बसनं अडीच तास होता. धुमाळ व्हरांड्यात खुर्चीवर बसले होते, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. मामांना त्यांनी चालण्यावरून ओळखलं.

"काका, या," ते म्हणाले. "मला वाटलं व्हतं तुम्ही येणार न्हाई."

"काय सांगितलं तुमाले?"

"एक साहेब आलं व्हतं. म्हणालं, भरणाऱ्या म्हाताऱ्याचा हात चुकला." त्यांनी मान हलवली. "मी म्हणलं, त्या माणसाचा हात मी बघितलाय. चुकायचा न्हाई. मग ते गेलं. माझा जबाब घ्यायला कोण आलंच न्हाई. चौथ्या बाराला मी रांगणेकर साहेबांना म्हणलं, साहेब, बोल्ट लई कडक येतोय, थांबूया. तर म्हणाले, हवालदार, पाहुणे बसलेत, वीस पुरे करा. हे कुठं लिवलंय का?"

"नाई," मामा म्हणाले.

मामा त्यांच्या शेजारी, पट्टीच्या बाजूला बसले. धुमाळांनी चाचपडून त्यांचा हात हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला. मी उभी होते. मी ठरवून आले होते की सगळं सांगायचं, म्हणून मी सांगायला लागले. जानेवारीतल्या सपाट टोप्या, काठावरचा दाब, बिघडलेलं कपाट, साहेबांचा चहा. उन्हात तापवलेली पाच काडतुसं आणि पाच तांबी. साहेबांना शाबासकी मिळते, मामांना ताकीद, हा कुठला न्याय, असं मी विचारलं. माझा आवाज वाढला होता. पलीकडच्या खुर्चीवरच्या रोग्यानं वळून पाहिलं.

धुमाळांनी सगळं ऐकून घेतलं. मग उघड्या डोळ्यानं माझ्याकडं पाहिलं.

"ताई, ते तुम्ही पहिल्यांदा लिवलं व्हतं, पुढं जाऊ नका म्हणून?"

"हो."

"आनि मग काढलं?"

"हो."

"मला कधी कळलं असतं हे? आदल्या दिवशी मी तुमच्याच खोलीत बसलो व्हतो. तुम्ही तिथंच व्हता, खिडकीपाशी, कागद लिवत."

"तिथंच होते," मी म्हणाले.

"साहेबाचं सोडा," ते म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, त्यात राग असता तर मला सोपं गेलं असतं. "तसली माणसं मी पलटणीत बी बघितली. त्यांच्याकडनं मी काय धरूनच चालत न्हाई. काका भरत व्हते, त्यांनी तोंडानं सांगितलं व्हतं, त्यांच्या हातात तेवढंच व्हतं. तुमच्या हातात पेन व्हतं."

एक परिचारिका औषध घेऊन आली. आम्ही निघालो. निघताना धुमाळांनी मामांना पुन्हा यायला सांगितलं.

बसथांब्यावर ऊन होतं. मामांनी दुपट्टा डोक्यावर घेतला. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मनावर नका घेऊ, बाई. दुखणं आहे, माणूस बोलते."

"तो बरोबर बोलला, मामा," मी म्हणाले.

ते नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते रस्त्याकडं पाहत राहिले. मग बस आली आणि आम्ही चढलो.